मृगाच्या आधी माळ्यावर चढा

नारायण पेठेतल्या वाडामालकांनो, भाडेकरूंनो, आणि वाडा सोडून कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, पार अमेरिकेपर्यंत गेलेल्या वारसांनो, हे आवाहन तुम्हाला आहे. मृग तोंडावर आला आहे. हातात थोडे दिवस उरले आहेत. या दिवसांत एक काम करा. आपल्या वाड्याच्या माळ्यावर चढा. बॅटरी घेऊन चढा. आढ्याकडे बघा. वाशांकडे बघा. मग बॅटरी बंद करा आणि कौलांच्या फटींतून कुठे उजेड येतो ते बघा. जिथून उजेड आत येतो, तिथूनच यंदा पाणी येणार आहे.

वाडा बिल्डर पाडतो, असं आपण म्हणतो. पण बिल्डर दारात येतो तोवर वाडा बहुतेक वेळा आतून खचलेलाच असतो. त्याला पाण्याने खचवलेलं असतं. आपल्या पेठेतले जुने वाडे कसे बांधले आहेत ते आठवा. खाली घडीव दगडाचं जोतं. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती खाली दगड-विटांच्या, चुन्यातल्या. वर गेलं की बऱ्याच ठिकाणी कच्च्या विटा आणि पांढरी माती. सांगाडा लाकडाचा, आडोसा मातीचा. कोरडा राहिला तर हा वाडा दोनशे वर्षं उभा राहतो. ओला झाला की त्याची वर्षं भराभर संपतात.

आणि तो ओला व्हायला फार काही लागत नाही. डिश बसवायला वर गेलेल्या पोराचा पाय पडतो, एक कौल सरकतं. पन्हळीत पानं आणि पतंगाचा मांजा साठतो, पाणी उलटं फिरून भिंतीच्या माथ्यावर येतं. खालच्या बिऱ्हाडाला काही कळत नाही. वरचं बिऱ्हाड कुलूप लावून कधीच गेलेलं असतं. पाणी वाशावरून ओघळतं, भिंतीत शिरतं आणि जिथे तुळईचं टोक भिंतीत बसलेलं असतं तिथे मुक्काम करतं. एक पावसाळा जातो, दुसरा जातो. दिसत काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मधल्या खोलीची फरशी एका बाजूला कलल्यासारखी वाटते. दार घासायला लागतं. आपण सुताराला बोलावतो आणि दार तासून घेतो.

दार तासू नका. आधी कोपरा बघा. स्टुलावर उभे राहा आणि तुळई भिंतीत शिरते ती जागा नीट न्याहाळा. भोवतीच्या चुन्यावर तपकिरी डाग आहे का? पोपडे सुटलेत का? आता घराची किल्ली घ्या आणि त्या टोकाला टोचा. निरोगी सागवान किल्लीला दाद देत नाही, हाताला झटका बसतो. कुजलेलं लाकूड मऊ लागतं, किल्ली आत जाते आणि बाहेर येताना दमट भुसा घेऊन येते. दाताच्या किडीसारखं आहे हे: वरून पांढराशुभ्र, आत पोकळ, आणि ठणका लागेल तेव्हा उशीर झालेला. भुसा निघाला तर घाबरू नका. कुजलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड जोडता येतं, खाली टेकू देऊन तुळई बदलता येते. जुने सुतार हेच करत आले. पण त्याला वेळ लागतो, आणि भर पावसात ते होत नाही. म्हणून आत्ता बघा.

पाणी आपल्या पेठेचं काय करू शकतं हे नारायण पेठेला शिकवावं लागू नये. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठा पेठांत शिरली. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. वाडे बसले. पिढ्यान्‌पिढ्या एका चौकात राहिलेली कुटुंबं पूरग्रस्तांच्या वसाहतींत पांगली. त्या दिवशी पाणी खालून आलं, एकदाच आलं, आणि अख्ख्या शहराने पाहिलं. आता ते वरून येतं, दर वर्षी येतं, आणि कुणी बघत नाही. एवढाच फरक आहे.

तेव्हा शाकारणी करून घ्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात वैशाख-ज्येष्ठात हे काम चुकत नसे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रीप तपासायची, पुन्हा रचायची. आज हे काम जाणणारा माणूस शोधावा लागतो, हे खरं. पण मुळशी-मावळाकडे अजून कौलारू घरं आहेत आणि ती शाकारणारी माणसंही आहेत. एका वाड्यासाठी कुणी येणार नाही. चार वाड्यांनी मिळून बोलवा, येतील. तेवढंही जमत नसेल तर या वर्षापुरतं ताडपत्रीचं छत तरी घाला. पन्हळी स्वतः साफ करा. भिंतीत पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं तर पुण्य-पाप बघत बसू नका. बोटाएवढं आहे तोवरच ते मुळासकट निघतं. पिंपळाला नमस्कार करायला पेठेत पार आहेत.

आणखी एक धोका आपण हौसेने घरात आणलेला आहे. भिंतीला ओल आली की आपण सिमेंटचा गिलावा मारून घेतो. गुळगुळीत, भक्कम, पैसे वसूल. पण मातीची आणि चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडतेही. तिच्यावर सिमेंट चढलं की पाणी आत जायला भेगा सापडतात, बाहेर यायला वाट उरत नाही. भिंत आतल्या आत भिजत राहते आणि वरून कोरडी दिसते. वरच्या मजल्यावर मागाहून बसवलेल्या न्हाण्या आणि संडास यांचंही तेच. लाकडी पाटणीवर फरशी, फरशीखाली गळका पाइप, पाइपाखाली दीडशे वर्षांचं लाकूड. आणि तळमजल्यावर? दुकानाचं शटर रुंद करायला कुणी एक खांब कापला, कुणी मधली भिंत काढली. खांबाच्या जागी लोखंडी गर्डर घातला म्हणून सगळे निश्चिंत. तो गर्डर कुणाच्या हिशोबाने घातला हे विचारलंत का कधी?

विचारा. आजच विचारा. तुमच्या वाड्यात कुठला खांब कापला गेलाय, कुठे न्हाणी चढवलीय, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. एका कागदावर वाड्याचा साधा नकाशा काढा: देवडी, चौक, ओसरी, माजघर, जिने. त्यावर लाल पेनाने खुणा करा. इथे गळतं, इथे फरशी बसलीय, इथे भिंतीला पोट आलंय. हा कागद घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. पण कुणाही इंजिनिअरकडे नको. ज्याने आयुष्यभर काँक्रीटच पाहिलं आहे, तो लाकडाचा सांगाडा बघून ‘पाडा’ म्हणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा तो अभ्यासच नाही. लाकूड आणि चुना जाणणारे वास्तुविशारद आणि अभियंते पुण्यात आहेत. त्यांनी विश्रामबागवाडा सावरला, नानावाडा सावरला. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅकसारख्या संस्थेकडे चौकशी करा. दुसरं मत घ्या. दुखण्याला आपण दोन डॉक्टर गाठतो. दोनशे वर्षांच्या घराला एकाच माणसाच्या एका शब्दावर निरोप देऊ नका.

वायरिंगकडेही बघा. उघड्या तारा, एकाच प्लगमध्ये खोचलेला फ्रिज आणि गिझर, जिन्याखाली सिलिंडर आणि रद्दी. लाकडी वाड्यात एक ठिणगी पुरते. अरुंद बोळात अग्निशमनाची गाडी सहज शिरत नाही. ज्या बोळात संध्याकाळी सात-आठ दुचाक्या आडव्या लागतात त्या बोळात तर नाहीच. मुख्य स्विच कुठे आहे हे घरातल्या शाळकरी मुलालाही दाखवून ठेवा. बोळ मोकळा ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

आता कठीण गोष्टीकडे येऊ. वाडे गळतात याचं खरं कारण बऱ्याचदा कौलात नसतं. ते मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या अबोल्यात असतं. भाडं कित्येक वाड्यांत आजही महिन्याला दोन आकडी आहे. मालक म्हणतो, या भाड्यात खिळाही येत नाही. भाडेकरू म्हणतो, मालकाला मी निघून जायला हवाय, म्हणून तो गळू देतो. दोघांचंही म्हणणं अगदीच खोटं नाही. आणि दोघं भांडत असताना वरून पाणी पडत राहतं. दाव्यांत वर्षं जातात. मालकाच्या घरात एकाचे सात वारस होतात, सातांचे सतरा. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असतं. अशा वाड्याचं काय होतं हे तुम्ही शेजारी पाहिलं आहे. एक दिवस सगळे मिळून सह्या करतात. त्या दुरुस्तीसाठी नसतात. वाडा देऊन टाकण्यासाठी असतात.

ज्या सह्या वाडा द्यायला जमतात, त्या वाडा राखायला का जमू नयेत? एकदा बसा. चौकात सतरंजी टाका आणि बसा. वकिलांना त्या दिवशी घरी राहू द्या. फक्त यंदाच्या पावसापुरतं बोला: छप्पर, पन्हळ, टेकू, वायरिंग. हक्काचा निवाडा नंतर होईल, कोर्टात व्हायचा तर कोर्टात होईल. कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतात. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. दोन आकडी भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे काय, हे तुम्हीच हिशोब करा. म्हणजे नुसत्या कायद्यावर छप्पर उभं राहत नाही. वर्गणी काढावीच लागेल. मालकांनो, तुम्ही साहित्य द्या. भाडेकरूंनो, तुम्ही मजुरी द्या. जे ठरेल ते एका साध्या कागदावर लिहा: ही दुरुस्ती केल्याने कुणाचा हक्क वाढत नाही, कुणाचा घटत नाही. सगळ्यांच्या सह्या घ्या. हा एवढा कागद झाला तर निम्मी भीती जाईल.

हे सगळं नोटीस यायच्या आत व्हायला हवं. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक बांधकामांची पाहणी करते आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा देते. इमारतींचे वर्ग तुम्ही ऐकले असतील. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं न हलवता मोठी दुरुस्ती. सी-२ए म्हणजे माणसं हलवून दुरुस्ती. सी-१ म्हणजे राहण्याला अयोग्य, तातडीने रिकामी करा आणि उतरवा. पहिल्या तीन वर्गांत वाडा वाचतो. शेवटच्यात बहुधा नाही. तुमचा वाडा आज कुठे आहे? वरच्या पायरीवर असताना वर्गणी काढा. खालच्या पायरीवर पोचल्यावर फक्त हळहळ उरते.

आणि वाडा खरोखरच सी-१ झाला असेल, भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, रात्री लाकूड करकरत असेल, तर माझं ऐका: आधी बाहेर पडा. लेकरं घेऊन, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून बाहेर पडा. कुठलीही वास्तू माणसाच्या जिवाहून मोठी नाही. ताबा जाईल या भीतीने कित्येक कुटुंबं टेकू लावलेल्या खोलीत पावसाळा काढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. शहराच्या मधोमध मुलाची शाळा, वडिलांचा दवाखाना, पायाखालची दुकानं, सगळं एका खोलीच्या जिवावर उभं असतं. पण सोडताना रिकाम्या हाताने सोडू नका. आपल्या जागेचं मोजमाप लेखी नोंदवून घ्या. फोटो काढा. भाड्याच्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा. परत येण्याचा हक्क कागदावर मागा. शेजाऱ्यांनो, या कुटुंबांना पावसाळ्यापुरती एखादी रिकामी खोली द्या. पेठेत कुलूप लावलेल्या खोल्या थोड्या नाहीत.

वर्गणी काढून वाडा सावरणं आपल्याच शहरात घडलेलं आहे, म्हणून एवढं हक्काने सांगतो. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ मध्ये आग लागली, वाड्याचा भाग जळाला. पुण्याच्या माणसांनी वर्गणी काढली आणि जळलेला वाडा पुन्हा सावरला. तेव्हा ना वारसा यादी होती, ना अनुदानं. परकं सरकार होतं. शहर आजच्या मानाने मूठभर होतं. आज बाजीराव रस्त्यावरून जाताना ती लाकडी गॅलरी दिसते, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की त्या वाड्याला लोकांच्या खिशातला पैसा लागलेला आहे.

आपल्याच पेठेत या. गायकवाड वाडा लोकमान्यांनी १९०५ मध्ये घेतला आणि तो केसरीवाडा झाला. तो आजही नांदता आहे. तिथे वृत्तपत्र आहे, ग्रंथसंग्रह आहे, मानाचा पाचवा गणपती बसतो. लोकमान्यांच्या वस्तू तिथे आहेत. मादाम कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टला फडकवलेला ध्वज तिथे जपलेला आहे. माणसांचं येणं-जाणं राहिलं, म्हणून डागडुजी होत राहिली. कुलूप लागलेल्या वास्तूला हे नशीब मिळत नाही.

आणि उशीर झाला की काय होतं, तेही जवळच पाहा. बुधवार पेठेतला भिडेवाडा. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती तिथे. जागेचे दावे वर्षानुवर्षं चालले. वास्तू खंगत गेली. सर्वोच्च न्यायालयात निकाल लागल्यावर ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री उरलेलं बांधकाम पाडलं गेलं, स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं आणि ते देखणं होवो. पण ज्या उंबऱ्यावरून त्या मुली आत गेल्या तो उंबरा आपल्या लेकींना आता दाखवता येणार नाही. तो राखायला लागणारी वर्षं आपल्याकडे होती.

तुमच्या वाड्यात लोकमान्य राहिले नसतील. हरकत नाही. पेठ काही एकट्या केसरीवाड्याची नाही. मोदी गणपतीसमोरची आळी, पत्र्या मारुतीचा परिसर, मुंजाबाचा बोळ, लोखंडे तालमीकडची घरं, माती गणपतीजवळची वळणं, ही सगळी मिळून नारायण पेठ होते. दहा वाडे गेले आणि मधे एक राहिला, तर तो एकटा पेठ राखू शकत नाही. म्हणून तुमचा साधा, दोन चौकांचा, नाव नसलेला वाडाही लागतो. तोच जास्त लागतो, कारण त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही.

महापालिकेच्या वारसा यादीत तुमचा वाडा आहे का, ते बघून या. यादीत तीन श्रेणी आहेत. पहिलीतल्या वास्तूंना हात लावायला जवळजवळ मुभाच नाही. दुसरी आणि तिसरी थोडी सैल आहे. आतल्या सोयी बदलता येतात, दर्शनी रूप राखावं लागतं. ‘यादीत नाव गेलं की घर अडकलं’ ही भीती पेठेत घरोघरी आहे. ती खोटी पाडायची तर नियम पूर्ण वाचा. वारसा वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून दुसरीकडे विकण्याची तरतूद राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहे. तो पैसा वाड्याला लावता येतो. अहमदाबादेने हेच केलं. तिथल्या पोळींमधली, म्हणजे जुन्या वस्त्यांमधली, लाकडी घरं आपल्या वाड्यांची सख्खी भावंडं. १९९७ पासून तिथे वारसा फेरी चालते, लोकांनी टीडीआर विकून घरं दुरुस्त केली, आणि २०१७ मध्ये ते जुनं शहर जागतिक वारसा ठरलं. तिथेही भाऊबंदकी आहे, तिथेही भाडेकरू आहेत, तिथेही पाऊस पडतो. इथल्या कार्यालयांत कागद हळू हलतात, हे मान्य. मग एकेकट्याने खेटे घालू नका. एका आळीतले पाच मालक एकत्र अर्ज द्या आणि एकत्र पाठपुरावा करा.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, आता तुमच्याशी. पेठेत तुमच्याइतकी माणसं कुणाकडे नाहीत, तुमच्याइतका दोर, बांबू आणि ताडपत्री कुणाकडे नाही. एका रात्रीत मांडव घालणारे हात आहेत तुमचे. या जूनमध्ये ते हात चार दिवस द्या. आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या छपरावर ताडपत्री बांधा. उंचावर काम जाणणारा माणूस बरोबर घ्या, कुजलेल्या पाटणीवर पाय देऊ नका. वर्गणीतला थोडा हिस्सा दर वर्षी आळीतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीला ठेवा. ज्या वाड्याच्या ओसरीवर मंडळाची पहिली बैठक भरली तोच वाडा गळत असेल, तर सुरुवात तिथून करा.

शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनो, तुमच्या हातात मोबाइल आहे आणि वास्तुशास्त्र शिकणारा एखादा मित्र आहेच. वाडा मोजा. खांबाची जाडी, चौकाची लांबी-रुंदी, जिन्याच्या पायऱ्या. महिरप, केळफूल, दिंडी दरवाजा, अडसराची खोबण, भिंतीतलं फडताळ, सगळ्याचे फोटो काढा. फोटोखाली तारीख आणि जागा लिहा. आजोबांना ओसरीवर बसवा आणि बोलतं करा: पुराच्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, विहीर कुठे होती, कुठल्या खोलीत कोणतं बिऱ्हाड होतं. रेकॉर्ड करा. वाडा दुरुस्त करायची वेळ आली की हीच मापं सुताराला लागतात. वाडा गेलाच, तर एवढंच उरतं.

आणि माळ्यावर चढाल तेव्हा पेट्या उघडून बघा. कापडात बांधलेला एखादा मोडी कागदांचा रुमाल मिळेल. तो रद्दीत देऊ नका. पाण्यात भिजू देऊ नका. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी समजू नका. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद गोळा करत गावोगाव फिरले आणि १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते आपल्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे नेऊन दाखवा. कोरीव खांब, दरवाजा, तक्तपोशीच्या फळ्या वाडा उतरवताना वजनावर विकल्या जातात आणि कुठल्याशा रिसॉर्टच्या भिंतीला लागतात. उतरवायची वेळ आलीच तर आधी खुणा घालून ठेवा, कुठला तुकडा कुठला. नव्या इमारतीच्या प्रवेशाला तरी तो दरवाजा पुन्हा लावा, अशी अट करारनाम्यात घाला. सही करायच्या आधी अट घाला. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

दूर गेलेल्या वारसांनो, तुमची सही सगळ्यात जड आहे. तुम्ही वाड्यात राहत नाही, पण तुमच्याशिवाय वाड्याचं पान हलत नाही. तुमच्या फोनवर विक्रीचा आकडा येतो, गळतीचा फोटो येत नाही. तो मागवा. वारस नोंद रखडली असेल तर या वर्षी पुरी करा. पुण्यातल्या एका विश्वासाच्या भावंडाला दुरुस्तीपुरतं मुखत्यारपत्र द्या. वर्षातून एकदा शाकारणीचे पैसे पाठवा. बाकी काही नाही जमलं तर एवढं तरी करा: पुढच्या फेरीत मुलांना घेऊन वाड्यात या. हॉटेलात उतरा हवं तर, पण एक दुपार चौकात घालवा. मग आकड्यावर काय उत्तर द्यायचं ते ठरवा.

दबाव वाढतोच आहे. सप्टेंबर २०२४ पासून पेठांच्या पोटातून मेट्रो धावते आहे. जागेचा भाव चढला आहे. चौकशा करणारी माणसं बोळाबोळांतून फिरत आहेत. नवं घर हवं असणं यात गुन्हा नाही. लिफ्ट हवी, स्वतःचा संडास हवा, पाण्याला दाब हवा, हे ज्याला-त्याला हवंच. पण या गोष्टी वाड्यात आणता येतात की नाही, हे न विचारताच आपण वाडा मोडीत काढतो. एकदा विचारा. खर्चाचं अंदाजपत्रक एकदा मांडून बघा. पाडून बांधायला जी तीन-चार वर्षं बाहेर काढावी लागतात, रखडलेल्या कामांत जी कुटुंबं भाड्याच्या चेकची वाट बघत बसतात, तेही त्या हिशोबात धरा.

येत्या रविवारी सकाळी आपापल्या वाड्याच्या चौकात जमा. शेजारच्या दोन वाड्यांनाही बोलवा. लाल खुणांचा नकाशा, बॅटरी, किल्ली आणि टेप बरोबर घ्या. मालक मुंबईला असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावा आणि गळकं आढं दाखवा. कौलं किती फुटली ते मोजा. शाकारणीला माणूस कोण बोलावणार, त्याचं नाव त्याच बैठकीत ठरवा. वर्गणीची वही उघडा आणि पहिली रक्कम तुम्ही स्वतः लिहा. सोमवारी कौलं आणायला जा.